शेड, सोंगट्या आणि गॅसची लाइन

निवृत्त माणसाने हातोडीला हात लावू नये, हे माझं मत मी आता कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून मी गावाची पत्रं तोलली आणि कुणाला एक वाकडा शब्द न बोलता पेन्शनीत आलो. पुढेही तसंच चाललं असतं. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. एके दिवशी मला वाटलं, मागच्या अंगणातली ट्रॅक्टरची शेड नुसती पडून आहे, तिची एक छानशी खोली करावी आणि सासऱ्यांना तिथे आणून ठेवावं.

सासरे म्हणजे ओडेल साइक्स. वय अठ्ठ्याऐंशी, एक कान आणि दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. सासूबाई गेल्यापासून ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी वृद्धाश्रमात होते. तिथल्या ग्रेव्हीला ते भिजवलेला पुठ्ठा म्हणत. मी माझा बेत बायकोला सांगण्याआधी त्यांना सांगितला. ही माझी पहिली चूक. म्हाताऱ्याने त्याच दिवशी बॅग भरून दाराशी ठेवली आणि पुढे दर रविवारी आम्ही भेटायला गेलो की पहिला प्रश्न तोच, "काय जावईबापू, शेड झाली का?"

शेड होत आली होती. खिडकी बसली, न्हाणीघर झालं, खिडकीत एसी लागला. शेजारचा डब रॅकली रोज येऊन सल्ले देत होता. शेजारचा म्हणजे मध्ये त्याचं एक अख्खं कुरण आहे, पण टेक्सासात त्याला शेजारीच म्हणतात. सल्ला देण्यासाठी डबला ट्रकमधून उतरावं लागत नाही. काच खाली करायची, कोपर बाहेर काढायचं आणि माझं दार कसं उलट्या बाजूला उघडतंय ते सांगायचं, ही त्याची पद्धत. दार उलटंच बसलं होतं, पण ते त्याने बोलून दाखवायला नको होतं.

माशी शिंकली ती ओढ्यावर. नेल्डा, म्हणजे माझी बायको, डॅडींना मासे धरायला सावलीची जागा बघून ठेवावी म्हणून मागच्या ओढ्यावर गेली आणि परत आली ती कमरेवर हात ठेवून. ओढ्याच्या काठाची माती वाहून गेली होती आणि गॅसची लाइन उघडी पडली होती. टेकडीपलीकडे गॅसच्या विहिरी आहेत. त्यांचा गॅस गोळा करून प्लांटकडे नेणारी ही सहा इंची लाइन आमच्या लग्नाच्या आधीपासून तिथे पुरलेली आहे. ती आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"हॉलिस, ती नळी गंजून लाल झालीय," नेल्डा म्हणाली. "डॅडी तिथे बसून तंबाखूचा पाईप ओढणार. त्या लाइनीची कुणीतरी काळजी घेईपर्यंत माझे डॅडी इथे राहायला यायचे नाहीत."

मी म्हटलं, एक फोन करतो, आठवड्यात काम होईल. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं.

आमच्या राज्यात गॅसच्या नळांवर देखरेख करणाऱ्या खात्याचं नाव रेल्वे कमिशन आहे. रेल्वेशी त्याचा आता काडीचाही संबंध नाही. बाहेरचे लोक यावर हसतात, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिथल्या बाईंनी फार अदबीने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमची लाइन पहिल्या वर्गातली आहे. मला उगाचच बरं वाटलं. शाळेत मला कधी पहिला वर्ग मिळाला नव्हता. मग कंपनीचा माणूस आला आणि त्याने ते सुखही काढून घेतलं.

हा माणूस केंडल प्रूएट. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट, गळ्यात दुर्बीण. इतका सभ्य, की त्याच्यावर चिडलं की आपल्यालाच लाज वाटावी. आमच्या ओसरीवर गोड आइस टी पीत त्याने सगळं समजावून सांगितलं. लाइनीचा वर्ग लाइनीकडे बघून ठरत नाही, तर तिच्या आजूबाजूला माणसं किती यावर ठरतो. लाइनीचा कुठलाही सलग एक मैल घ्यायचा, दोन्ही बाजूंना दोनशे वीस यार्डांपर्यंत माणसांच्या वापराची घरं मोजायची. दहापर्यंत असली तर पहिला वर्ग. अकरावं झालं की दुसरा. सेहेचाळीस झाली की तिसरा.

"आणि पहिल्या वर्गातल्या लाइनीची तुम्ही काय काळजी घेता?" नेल्डाने विचारलं.

"एवढ्या बारीक लाइनीची? ती आहे असं वर्षातून एकदा सरकारला कळवतो, मॅडम."

"आणि दुसऱ्या वर्गात?"

तिथे मात्र गंज लागू नये म्हणून बंदोबस्त करायचा, गळती शोधत लाइनीवरून चालायचं, पिवळे खांब रोवायचे, आसपासच्यांना माहितीपत्रकं पाठवायची, असं बरंच काही होतं. उघड्या पडलेल्या तुकड्यावर आपण माती टाकायला सांगू, असं तो आपणहून म्हणाला. पण त्यापलीकडे वर्ग बदलल्याशिवाय वरचे लोक हलणार नाहीत. मग त्याने मोजली. आमच्या मैलात घरं भरली बरोबर दहा.

मी विजयाने शेडकडे बोट दाखवलं. अकरावं.

प्रूएटने शेड आतून बघितली, एसीचं कौतुक केलं, दाराबद्दल बोलला नाही. मग म्हणाला, "इथे राहतं कोण, मिस्टर हॉलिस?"

माझे सासरे राहणार आहेत, मी म्हटलं. कधी? लाइनीची काळजी घेतली की. लाइनीची काळजी कधी घ्याल? कुणी राहायला आलं की. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. प्रूएटलाही ते कळलं होतं. त्याने मान हलवली आणि ट्रॅक्टरची शेड असं टॅब्लेटवर टिपून घेतलं.

मी हार मानली नाही. पोस्टातल्या माणसाच्या दृष्टीने जिथे पत्रपेटी तिथे घर. मी शेडसमोर खांब पुरून पत्रपेटी बसवली, तिच्यावर नंबर रंगवला, खिडकीला पडदे लावले आणि दाराशी एक कुंडीही ठेवली. प्रूएट पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने पत्रपेटीचं झाकण उघडून आत बघितलं. आत कोळ्याचं जाळं होतं. जाळं तो मोजू शकत नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, कुणी तरी काही दिवस शेडमध्ये जाऊन राहिलं तर प्रश्नच मिटेल. हे मी सहज बोललो होतो. कुणी तरी म्हणजे एखादा भाडेकरू, असं माझ्या मनात होतं. नेल्डा उठली आणि माझी उशी घेऊन आली. तेवीस फेब्रुवारीला आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. तिने थोडा तरी विचार करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

अशा रीतीने मी माझ्याच अंगणात वेगळा राहू लागलो.

आमच्या गावात कुणी गेलं, कुणाचं ऑपरेशन झालं किंवा कुणाचा संसार मोडला, की बायका कॅसरोल घेऊन येतात. काचेच्या भांड्यात कोंबडी, चीज आणि सूप घालून भाजलेला तो प्रकार. भांडं परत मिळावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी शेडच्या पायरीवर दोन कॅसरोल होते. आठवडा संपेपर्यंत माझ्याकडे भांडी ठेवायला जागा उरली नाही. आणणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हळहळत आणि मग घरात जाऊन नेल्डाची जास्त हळहळ करत. मी प्रत्येकीला सांगू लागलो, बाई, हे सगळं गॅसच्या लाइनीमुळे आहे. त्या मान हलवत. माणसाला धक्का बसला की तो असंच काहीबाही बोलतो, हे त्यांना माहीत होतं.

आमच्या बॅप्टिस्ट चर्चचे पाळक, ब्रदर क्लेव्हंजर, मला समजवायला आले. माझ्या खाटेवर बसून क्षमेबद्दल फार सुंदर बोलले. मी त्यांना दोनशे वीस यार्डांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, मुला, अंतर मनांत पडतं. माझ्यापेक्षा ते वयाने लहान आहेत. मी दुसरं काही सुचेना म्हणून त्यांना कॅसरोल वाढला, आणि तो त्यांच्याच बायकोने केलेला निघाला.

डबला मात्र माझी खरीच दया आली. बायकोने टाकलेल्या माणसाने एकटं राहू नये असं म्हणत त्याने ट्रकमधून एक घडीचं टेबल आणि डॉमिनोचा डबा आणला. आमच्याकडे डॉमिनोच्या सोंगट्यांवर बेचाळीस खेळतात. चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू, बोली लावायची, हुकूम ठरवायचा आणि हात करायचे. पत्त्यांसारखंच सगळं, पण पत्ते नव्हेत. पत्ते हे पाप आहे आणि सोंगट्या नाहीत, हे आमच्या आजोबांनी कधीच ठरवून टाकलेलं आहे आणि ब्रदर क्लेव्हंजर स्वतः वाईट खेळत नाहीत. गावातले म्हातारे आजवर धान्याच्या दुकानामागच्या खोलीत खेळायचे. वसंतातल्या वादळात त्या खोलीचं छप्पर उडालं होतं. माझ्या शेडमध्ये एसी आहे आणि कॅसरोल संपता संपत नाही, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर, आधी एक टेबल, मग दोन, मग चार झाली. माझी खाट भिंतीशी उभी करून ठेवावी लागे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे वाशांखाली मलाच बसायला जागा नव्हती.

महिन्याभराने प्रूएट मोजायला आला. मी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, राहणारा माणूस म्हणून दारात उभा राहिलो. त्याने माझी खाट बघितली, दाताचा ब्रश बघितला, पत्रपेटीत आलेलं माझं पेन्शनचं पत्र बघितलं आणि म्हणाला, अभिनंदन, हे घर आहे. मग बाकीची घरं पुन्हा मोजून तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"मिस्टर हॉलिस, दहाच भरतात. मिस्टर रॅकलींच्या कुरणातलं घर कुठे गेलं?"

आमच्याकडे काही घरांना चाकं असतात. डबचा पुतण्या अॅबिलीनला संसार थाटत होता, म्हणून डबने ते चाकांचं घर मंगळवारी ट्रकला जोडून त्याला पाठवून दिलं होतं. मी कपाळाला हात लावला. डबचं म्हणणं, घरं मोजताहेत हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी रोज सांगत होतो. पण त्यालाही वाटत होतं, की धक्का बसलेला माणूस काहीबाही बोलतो.

त्या रविवारी आम्ही डॅडींना भेटायला गेलो. त्यांनी हवेबद्दल विचारलं, डबच्या गायींबद्दल विचारलं. शेडबद्दल काही विचारलं नाही. बॅग दाराशी नव्हती. नेल्डाने कपाट उघडून त्यांचे शर्ट नीट लावायचं निमित्त केलं, तेव्हा रिकामी बॅग वरच्या फळीवर दिसली. आपण एका म्हाताऱ्याला आशा लावली आणि ती फळीवर नेऊन ठेवली, याची मला फार शरम वाटली.

सोमवारी प्रूएट दहाच घरं भरल्याच्या कागदावर माझी सही घ्यायला आला. शेडमध्ये खेळ रंगला होता. सही घेता घेता तो थांबला.

"हे लोक रोज येतात?"

"शनिवार, रविवार सोडून," डब म्हणाला. "का, त्यालाही बंदी आहे का?"

प्रूएटने ओल्या बोटाने काहीतरी जुनं चाळल्यासारखा टॅब्लेट वर-खाली सरकवला. घरांशिवाय आणखी एक कलम होतं. लाइनीपासून शंभर यार्डांच्या आत अशी जागा असेल, जिथे वीस किंवा जास्त माणसं आठवड्यातले किमान पाच दिवस जमतात, आणि असे वर्षात दहा आठवडे भरतात, तर ती लाइन तिथे दुसऱ्या नव्हे, थेट तिसऱ्या वर्गात जाते. मग त्याने माणसं मोजली. मीही मोजली. डबने न्हाणीघराचं दार ठोठावून आतल्यालाही मोजलं. चार टेबलं पूर्ण आणि पाचव्यावर तिघं. एकोणीस.

विसावा गडी मिळवायला मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. पलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या पाळकांना बोलावलं, तर बॅप्टिस्टांच्या सोंगट्यांना ते हात लावेनात. गुरांचा डॉक्टर दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी एक गाय व्यायला झाली म्हणून गेला. गावात रिकामा असा माणूसच उरला नव्हता, सगळे माझ्याकडे येऊन बसले होते.

नेल्डा खेळत नसे. ती ओडेल साइक्सच्या टेबलाशी वाढलेली, तिच्यासारखा खेळ मी काउंटीत पाहिला नाही. पण तिची भिडू तिची आई असायची. आई गेल्यावर तिने आईचा सोंगट्यांचा डबा फडताळात ठेवला, त्याला किती वर्षं झाली ते मी विचारत नाही. तिला मी एकदाही ये म्हटलं नाही. म्हणायची हिंमत झाली नाही हे खरं.

पुढच्या मंगळवारी दुपारी ती अंगण ओलांडून आली. एप्रनला हात पुसले, पाचव्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. तिचा भिडू मी होतो. सोंगट्या उचलून तिने एकदाच बघितल्या.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली.

ही दुप्पट बोली. सगळेच्या सगळे हात करायचे, एक जरी गेला तरी मेलो. डबने शीळ घातली. नेल्डाने सातही हात केले, मी फक्त जे मागितलं ते टाकत गेलो. शेवटची सोंगटी टेबलावर ठेवून ती हळूच म्हणाली, "आई असती तर तिने सहाव्यालाच उरलेल्या सोंगट्या उघड्या टाकून डाव आटोपला असता." मग डोळे पुसून तिने पुढचा डाव वाटायला घेतला. मला घरी परत जावंसं वाटलं, पण अजून दहा आठवडे पाच टेबलं मांडायला-आवरायला शेडला माणूस हवा होता.

दहा आठवडे सरळ भरले असते तर ते आमच्या गावातले नव्हेत. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवसांत आमच्याकडे मेलेला माणूस पुरायलाही कुणी सापडत नाही. मला वाटलं, संपलं. प्रूएटने फोनवर धीर दिला, की आठवडे सलग असायची गरज नाही. पण नेल्डाला वाट बघायची नव्हती. रविवारच्या बायबल वर्गातल्या तिच्या मैत्रिणी येऊन पाचही टेबलांवर बसल्या. आपापली कॅसरोलची भांडी त्यांनी तेव्हाच ओळखून परत नेली, आणि आमचा संसार मोडलेला नाही हेही त्यांना तेव्हाच पटलं. काहींना वाईट वाटलेलं दिसलं. प्रूएट अधूनमधून न सांगता यायचा, दारात उभा राहून डोकी मोजायचा. एकदा एकोणीस भरली तर तो वाट बघत बसला, आणि ब्रदर क्लेव्हंजर ट्रक लावून आत येईपर्यंत हलला नाही. आम्हाला भेटलेला तो सर्वांत चांगला कंपनीवाला असेल.

लाइन तिसऱ्या वर्गात गेली. कंपनीची माणसं गळती हुंगणारी यंत्रं घेऊन लाइनीवरून चालत निघाली. आम्ही ओढ्याच्या काठावर उभे राहून बघत होतो. टाकलेली माती पावसाने पुन्हा वाहून नेली होती. जिथे नेल्डाने डॅडींची सावलीची जागा ठरवली होती, तिथेच यंत्र किंचाळलं. मुकादमाने पाण्याकडे बोट दाखवलं. काठालगत बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक. आम्ही कित्येकदा ते पाहिले असतील आणि मासे समजलो असू. त्याने लगेच फोन करून वरचा वाल्व्ह बंद करायला सांगितला आणि आम्हाला मागे सरायला लावलं. नेल्डाने माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. "तिथे बसून पाईप पेटवला असता त्यांनी," एवढंच ती म्हणाली.

तो अख्खा तुकडा त्यांनी बदलला. पिवळे खांब रोवले. नाताळाच्या आधी आम्ही ओडेल साइक्सना घेऊन आलो. बॅग त्यांनी पुन्हा भरली होती आणि सबंध रस्ताभर मांडीवर धरून ठेवली होती. शेडच्या दारात उभे राहून त्यांनी पाच टेबलं बघितली, वीस जणांची कलकल चांगल्या कानाने ऐकली, भिंतीशी उभी केलेली खाट बघितली.

"इथे झोपणार कोण?"

"तुम्ही, डॅडी," नेल्डा म्हणाली.

"पोरी, चाळीस म्हाताऱ्यांचा खोकला ऐकून मी इथवर पळून आलो," म्हातारा म्हणाला. "खेळायला येईन रोज. झोपणार मी घरात, तुझ्या खिडकीशी. इथे जावईबापूंचं बरं बस्तान बसलंय की."

नेल्डाने या वेळीही थोडा तरी विचार करायला हवा होता. आमच्या खोलीत डॅडी गेले, दुसऱ्या खोलीत तिची गोधडी शिवायची चौकट आणि तिचा पलंग, आणि मी राहिलो शेडमध्येच. चौकट वसंतापर्यंत मोकळी होईल असं ती म्हणते. दाराची बाजू मात्र मी आता बदलून घेतली आहे, कारण म्हाताऱ्यालाही ती पहिल्याच दिवशी खटकली.

परवा माझ्या पत्रपेटीत कंपनीचं पत्रक आलं, वर लिहिलेलं, या घरातील रहिवाशास. आत चित्रांसकट सूचना होत्या. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, फोन करू नका, सर्वांत आधी घर सोडा. मी ते पाचव्या टेबलाशी वाचून दाखवलं. नेल्डा आपल्या डॅडींची भिडू म्हणून बसली होती.

"घर सोडण्याचं मी आधीच उरकलंय," मी म्हटलं.

नेल्डा हसली, खूप दिवसांनी, आईच्या डब्यातल्या सोंगट्या पडतील इतकी. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पायाने एक रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा, जावईबापू," ते म्हणाले. "बोली तुमची."